तळहातावरचा रस्सा

दत्तूआबा रस्सा कधी वाटीत घेऊन चाखत नसत. डावा तळहात पुढे करत, त्यावर डावभर रस्सा ओतायला लावत आणि एका दमात चाटून टाकत. चटका बसला तरी चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबामुळे मीठ आणि मटण दोन्ही बंद केलं होतं. पण आबांचं म्हणणं, "तळहातावरचं जेवणात धरत न्हाईत."

आबा आमच्या गल्लीत तीन घरं सोडून राहायचे. एस.टी.त ड्रायव्हर होते, गडहिंग्लजच्या गाडीवर हयात गेली. मी आचारी. लग्न असो, बारसं असो, तांबडा-पांढरा रस्सा करायला मला बोलावणं यायचं. आबांना माझं कधी कौतुक सुचलं नाही. फार खूश झाले तर म्हणायचे, "खाण्यासारखा हाय."

मग मी उचगावहून येताना स्कूटरवरून पडलो. हेल्मेट होतं, कोपरात अडकवलेलं. त्याला साधा ओरखडाही आला नाही. माझ्या मेंदूला मात्र मार बसला. बारा दिवसांनी शुद्धीवर आलो तेव्हा वास गेलेला होता, चव जेमतेम उरली होती आणि पाच मिनिटांपूर्वी काय केलं ते पुष्कळदा आठवत नव्हतं.

त्यानंतर सगळं कोल्हापूर माझ्याशी चांगलं वागू लागलं. एरवी ज्या गावात दोन माणसं भांडल्याशिवाय चहा पीत नाहीत, तिथं माझ्या शब्दाला कुणी शब्द देईना. मार डोक्याला बसला होता, तरी लोक मी बहिरा झाल्यासारखे मोठ्यानं आणि सावकाश बोलत. एकच गोष्ट मी तिसऱ्यांदा सांगितली तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसत. बायको, सुनंदा, मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईना. मी घरात पाहुणा झालो होतो, आणि पाहुणा किती दिवस राहणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

आखाडात आमच्या तालमीचं जेवण असतं. दरवर्षी रस्सा मीच करायचो. "तूच कर की संभा, त्यात काय," असं सगळे म्हणाले. मी पांढरा रस्सा केला आणि त्यात मीठ घातलं. घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं. बहुधा तिसऱ्यांदाही घातलं. चाखून बघितलं, पण माझ्या जिभेला काहीच कळलं नाही.

चाळीस माणसं तो रस्सा हूं की चूं न करता जेवली. पाण्याचे जार भराभर रिकामे होत होते आणि जो तो मला "एक नंबर!" म्हणत होता. मी सुखावलो होतो. तेवढ्यात आबांनी तळहात पुढे केला, चाटला आणि तिथंच थुंकले.

"संभ्या, रश्शात मीठ घातलंयस का मिठात रस्सा?"

सगळे आबांवर तुटून पडले. माझा थोरला भाऊ म्हणाला, "आबा, आजारी माणसाला असं बोलत्यात व्हय?"

"आजारी त्यो हाय, रस्सा न्हाय," आबा म्हणाले.

मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं, हंडे माळ्यावर टाक. रश्शाचं दुःख होतंच, पण चाळीस माणसांनी माझ्यासाठी इतकं सफाईनं खोटं बोलावं, याचं जास्त होतं. आता कुणाचं खरं मानायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा आले. हातात पत्र्याचा डबा, त्यात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या मिठाच्या पुड्या. एका हंड्याला एक पुडी. पुडी मोकळी झाली की कागद हंड्याच्या कडीत खोचायचा.

"मीठ घातलं का न्हाय, ते कागदाला इच्यार. डोक्याला इच्यारू नगंस."

"आणि वास?"

"नाक तुझं गेलंय, माझं हाय की. डोकं मातूर तुझंच वापरायचं. माझ्याकडं तेवढं न्हाय."

अशी आमची कामं पुन्हा सुरू झाली. पुड्या आबाच बांधून आणत. मी चुलीपुढे, आबा शेजारी खुर्चीवर. कांदा करपायला लागला की ते ओरडत, खसखस कच्ची राहिली की शिव्या देत. "झोपलास व्हय रं?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं की मला बरं वाटायचं. घरी मात्र ते आपल्या बायकोला, आमच्या काकूंना, सांगत, "पोरावर उपकार करायला चाललोय." त्या उपकारांत दर कामाला सात-आठ तळहात रस्सा पोटात जायचा. काकूंना सगळं ठाऊक होतं. त्या फक्त धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या बाहीवरच्या तांबड्या डागांकडे बघायच्या.

तीन वर्षांनी आबा दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्या दिवशी भावानं मला भाजी पोचवायच्या निमित्तानं उचगावला मेव्हणीकडे पाठवलं. परत आलो तेव्हा आबांना अग्नी देऊन माणसं आंघोळी करत होती. "तुझ्या डोक्याला झेपलं नसतं," भाऊ म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. पण ती माया मी अजून माफ केलेली नाही.

दुखवटा काढायचं मटणाचं जेवण मीच करणार म्हणून हट्ट धरला. भाऊ नको म्हणत होता. काकू म्हणाल्या, "त्योच करंल."

डब्यात आबांनी बांधलेली एकच पुडी उरली होती. ती घातली, कागद कडीत खोचला. पाव्हण्यांनी वाट्यांतून रस्सा चाखला आणि सगळे एका सुरात म्हणाले, "एक नंबर!" मी सवयीनं वळून बघितलं. शेजारची खुर्ची रिकामी होती.

काकू उठून आल्या. त्यांनी डावा तळहात पुढे केला. मी रस्सा ओतला. त्यांनी चाटला.

"मीठ कमी हाय."

"काकू, पुडी आबांनीच बांधलेली हाय."

"मग त्येंचं चुकलं. घाल की आनि थोडं, बघत काय बसलाईस?"

मला रडू आवरेना. तसाच मिठाच्या बरणीत हात घातला. तालमीच्या त्या जेवणानंतर पहिल्यांदा, पुडीशिवाय, माझ्या हातानं मीठ सोडलं. काकूंनी पुन्हा तळहात पुढे केला, चाटला, मान डोलावली.

"आता हितंच थांब," त्या म्हणाल्या आणि मी विसरायच्या आत बरणी उचलून त्यांनी आपल्या पदराखाली घेतली.