मीटर एकाचा, उजेड दुसऱ्याचा

वीज ऑफिसच्या तक्रारखिडकीत बारा वर्षं बसलं की माणसाकडे दोनच गोष्टी साठतात. एक पाठदुखी आणि दुसरे किस्से. पाठदुखीचं कोणी विचारत नाही. किस्से मात्र साखरपुड्यात, डोहाळजेवणात, एसटीच्या सीटवरसुद्धा मागतात. ‘अगं, तो परवाचा सांग ना,’ म्हणून.

लाइट गेली म्हणून येणाऱ्याचा किस्सा होत नाही. तो भांडतो, मी लिहून घेते, तो जातो. पण चुकून एकाची तार दुसऱ्याला जोडली गेली, एकाचा नंबर दुसऱ्याच्या नावापुढे पडला, की खिडकीत येणारा माणूस वेगळाच असतो. त्याला नक्की काय हरवलंय हेच त्याला सांगता येत नाही. मग तो बोलत राहतो आणि मी ऐकत राहते. आधी काही वर्षं जुन्नर तालुक्यात ऐकलं, आता मंचरला ऐकते.

* * *

आमचे लाइनमन रफीकभाई जुन्नरचे. रोज मोटरसायकलवर मंचरला येतात. सकाळी अंधारात निघायचं, संध्याकाळी दिवे लागल्यावर घरी पोचायचं, असं वीस वर्षं चाललंय.

एकदा त्यांच्या गल्लीतल्या एकाने घर सोडलं आणि वीज कायमची बंद करायचा अर्ज दिला. तिकडच्या माणसांनी येऊन कनेक्शन तोडलं ते नेमकं रफीकभाईंच्या घरचं. भाभींचा फोन आला माझ्या खिडकीवर.

मी म्हटलं, “भाभी, रफीकभाई इथंच बसलेत. देऊ का?”

“नको. त्यांना सांगितलं की ते म्हणतात, बघतो. मोरीतला बल्ब दोन ईद झाल्या तरी बघतायत. तुम्ही आपली तक्रार लिहून घ्या.”

मी लिहून घेतली. रफीकभाई शेजारी चहा पीत होते. कागदाकडे बघून म्हणाले, “हा पत्ता ओळखीचा वाटतो.”

साहेबांनी त्यांना लगेच घरी पिटाळलं. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा मी विचारलं, लाइट आली का? तर म्हणाले, “लाइट आली हो. पण मॅडम, दुपारी दोन वाजता आमच्या ओसरीतून ऊन पार चुलीपर्यंत येतं. मला माहीतच नव्हतं.”

* * *

ही गोष्ट जुन्नर तालुक्यातली, मी नवीन होते तेव्हाची. वादळात खांब पडले. ते उभे करताना एका वस्तीवरचं घर चुकून शेतीपंपांच्या लाइनला जोडलं गेलं. पंपांना लाइट ठरावीक तास येते. त्या दिवसांत सकाळी दहाला यायची, संध्याकाळी जायची. तेवढाच वेळ या घरात पंखा फिरायचा, टीव्ही चालायचा.

घरात सासू-सासरे आणि नवी सून वैशाली. नवरा चाकणला कंपनीत, दुपारच्या पाळीला, राहायलाही तिकडेच. वस्तीवर मोबाइलला रेंज नाही, म्हणून त्याने वायफाय बसवून दिलेलं. लाइट आली तर वायफाय, वायफाय आलं तर नवरा.

तीन आठवडे सासूबाई आमच्याकडे खेपा घालत होत्या. शेवटी चूक सापडली, तार बदलली, घराला चोवीस तास लाइट मिळायला लागली. सासूबाई खूष. जाताना पेढे देऊन गेल्या.

पुढे महिन्याभराने वैशाली कसल्याशा दाखल्यासाठी आली. मी सहज विचारलं, “आता लाइट नीट आहे ना?”

“लाइट हाय की रातंदीस.” ती पदराशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, “ताई, आदी दहाला लाइट यायची, तर हे नऊपासनं मोबाइल हातात धरून बसायचे. हिकडं वायफायचा दिवा लागला की लगेच यांचा फोन. आता लाइट कवाबी आसती. तर म्हणत्यात, करतो कवातरी.”

* * *

बोरी बुद्रुकला एक रिटायर्ड गुरुजी आहेत. जुन्नरच्या बाजारात हमीदभाई म्हणून बांगड्यांचे व्यापारी आहेत. दोघांची ओळख असायचं काही कारण नव्हतं. पण आमच्याकडे मोबाइल नंबर भरताना कोणीतरी दोघांचे नंबर उलटसुलट भरले. तेव्हापासून गुरुजींच्या घराचे मेसेज हमीदभाईंना आणि हमीदभाईंच्या घराचे गुरुजींना.

पहिल्या वेळी गुरुजींनी नावावरून शोध घेऊन, कोणाकोणाला विचारून हमीदभाईंचा फोन मिळवला. “उद्या तुमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट बंद राहणार आहे. दळण आजच करून घ्या.” पुढच्या आठवड्यात तिकडून फोन. “गुरुजी, आज तुमच्याकडे दुपारी लाइट नाही. टाकी भरून घ्या.”

असं दोन वर्षं चाललं. तक्रार कोणीच केली नाही. गुरुजींची बायको गेलेली, मुलगी हैदराबादला. मुलगी रविवारी फोन करायची, बाकीच्या दिवशी हमीदभाई. पुढे पुढे लाइटचा मेसेज नसला तरी फोन व्हायचा.

एक दिवस गुरुजी मंचरला माझ्या खिडकीत आले; मी जुन्नर तालुक्यात होते तेव्हापासूनची ओळख. धोतर, हातात छत्री, चेहरा उतरलेला. म्हणाले, “त्यांच्याकडची लाइट उद्या जाणार आहे आणि त्यांचा फोन चार दिवस लागत नाही. मला पत्ता हवा.”

मी म्हटलं, “गुरुजी, दुसऱ्याचा पत्ता देता येत नाही. नियम आहे.”

“बाई, मी आयुष्यभर नियमच शिकवले,” ते म्हणाले, आणि बाकावर जाऊन बसले. उठेचनात.

शेवटी रफीकभाईंना फोन लावला. जुन्नरचा माणूस, त्यांना सगळं गाव ठाऊक. हमीदभाई दुकानाच्या शिडीवरून पडले होते, पाय प्लास्टरमध्ये होता आणि फोन फुटला होता. रफीकभाईंनी गुरुजींना गाडीवर बसवून थेट त्यांच्या घरी नेलं.

दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आले. रफीकभाई सांगतात, हमीदभाईंनी गुरुजींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग हमीदभाई म्हणाले, “गुरुजी, आवाजावरून तुमी लई उंच वाटला व्हता.”

* * *

हा किस्सा मी कोणाच्या लग्नात सांगत नाही, कारण यातली चूक माझी आहे.

घोडेगावच्या पुढे एका गावात एकाच नावाचे दोन म्हातारे. दोघंही दत्तोबा, बापाचं नावसुद्धा तेच. वरच्या आळीतले दत्तोबा नाशिकला लेकीकडे कायमचे राहायला निघाले. घर मोकळं करून त्यांनी वीज बंद करायचा अर्ज दिला. मी नाव बघितलं, ग्राहक क्रमांक बघितला नाही. रफीकभाईंना चिठ्ठी गेली ती खालच्या आळीतल्या दत्तोबांची. ते घरी नव्हते, रानात होते. रफीकभाईंनी तार सोडली आणि परत आले.

नाशिकच्या लेकीचा फोन आला तेव्हा चूक कळली. “वडलांचं घर बंद केलं तरी मीटर चालू कसा दाखवतोय?” मी रजिस्टर उघडलं आणि दोन दत्तोबा एकाखाली एक दिसले. खालच्या आळीतला माणूस आठ दिवस अंधारात होता आणि त्याने एक फोनही केला नव्हता.

मी स्वतः रफीकभाईंबरोबर गेले. माफी मागायची म्हणून नाही, खरं सांगायचं तर भीतीने. एकटा म्हातारा, काही बरंवाईट झालं असलं तर?

दत्तोबा ओट्यावर बसले होते. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, टोपी. मागे घर झाडून लख्ख. मी म्हटलं, “बाबा, आठ दिवस लाइट नाही, कळवलं का नाही?”

“कशाला कळवायचं? बंद केली म्हंजे कुनीतरी आर्ज दिला आसंल ना.”

“कोणी दिला असेल?”

“माझा पोरगा पुन्याला हाय. मागं एकदा बोलला व्हता, घर बंद करा आन् माझ्याकडं या म्हनून. मी त्या टायमाला नाय म्हनलो. मंग म्हनलं, दिला आसंल त्यानंच आर्ज. येईल न्यायला.”

दाराच्या आत एक बॅग होती, चेन लावलेली. वर घोंगडी घडी करून ठेवली होती.

रफीकभाई खांबावर चढले. मी खाली उभी राहून सगळं सांगितलं. दोन दत्तोबा, एक अर्ज, माझी चूक. दत्तोबांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे त्यानं न्हाई दिला.”

“नाही बाबा.”

घरात बल्ब लागला. ते उठले, बॅग उचलून आत नेली, आणि आतून विचारलं, “च्या घेनार का तुमी?”

आम्ही चहा घेतला. येताना मी त्यांच्याकडून मुलाचा नंबर मागून घेतला. त्यांनी दिला. तो लावायला मला तीन दिवस लागले. मुलाने ऐकून घेतलं, थँक्यू म्हणाला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. दत्तोबांच्या मीटरचं रीडिंग दर महिन्याला येतं. मी बघते.

* * *

आता शेवटचा. हा अगदी अलीकडचा.

जुने मीटर काढून नवे बसवायचं काम निघालं. या नव्या मीटरचा वापर मोबाइलवर दिसतो, कोणत्या तासाला किती ते रेघेसारखं चढत-उतरत.

एक दिवस पिंपरीहून एक इंजिनीअर मुलगा आला. बरोबर आई, इंदुमावशी. त्यांचं घर महाळुंगे पडवळला. मावशींचे गुडघे दुखायला लागल्यापासून दोन वर्षं घराला कुलूप होतं आणि मावशी मुलाच्या फ्लॅटमध्ये.

मुलगा म्हणाला, “मॅडम, घर बंद आहे, तरी रोज वापर दिसतो. कोणीतरी चोरून वीज घेतंय.”

मावशी बाकावरूनच म्हणाल्या, “चोरी न्हाई ती. पाचला मोटार लागती. सातला मिक्सर. मंग बारा-एकपातुर काय नाय, रानात जात आसतील. सांच्याला टीव्ही.”

मुलगा माझ्याकडे बघून हसला. “माझा जुना फोन तिच्याकडेच असतो. दिवसभर तेच बघत बसते. सुनेला सांगते, आज आपल्याकडे पुरण वाटलं वाटतं.”

मी रफीकभाईंना तिकडे पाठवलं. तासाभरात त्यांचा फोन आला. शेजारी शोभाचं घर, दोघींची भिंत एक, मीटर शेजारीशेजारी. बसवताना तारा अदलाबदल झाल्या होत्या. शोभाचं सगळं घर मावशींच्या मीटरवर चालत होतं, आणि शोभाचा मीटर गप्प. दहा मिनिटांचं काम होतं. मी मुलाला अर्ज लिहायला सांगितला. तो आधारची झेरॉक्स काढायला बाहेर गेला.

मावशी काठी टेकत खिडकीपाशी आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “मला ठाव व्हतं ती शोभा हाय. तिच्या मिक्सरची येळ मला म्हाईत न्हाई व्हय?”

“मग मुलाला सांगितलं का नाही?”

“माझ्या नावाखाली उजाडत व्हतं ना, ताई.”

मुलगा आला, त्याने सही केली. रफीकभाईंनी त्याच दिवशी तारा बदलल्या.

चार दिवसांनी मावशींचा फोन आला. “ताई, रेघ सपाट झाली.”

“हो मावशी. आता बरोबर झालं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. मागे कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी फोन ठेवला.

महिना-दीड महिना गेला. एक दिवस रफीकभाई महाळुंग्याहून परत आले, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, ते कुलूप लावलेलं घर आठवतं? ओट्यावरचा बल्ब भर दुपारी जळतोय. मी शोभाला विचारलं, हे कोणी लावलं? तर म्हणाली, इंदुमावशी रविवारी येऊन गेल्या.”

“मग?”

“घर झाडलं म्हणे. बल्ब लावला, कुलूप घातलं, किल्ली शोभाला दिली. गाडीत बसताना तिला एवढंच म्हणाल्या, ‘उडाला तर नवा लाव.’”