बुटांचे तळ

स्टेशनबाहेर चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. बूट हातात आला की आधी उलटा करायचा, तळावरून अंगठा फिरवायचा आणि मगच माणसाकडं बघायचं, ही त्यांची रीत.

युरोपातून परतल्यावर आम्हा नवराबायकोचे बूट मी त्यांच्यापुढं ठेवले. व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट, सगळं रेल्वेनं. मित्रांकडं मुक्काम, जुने पूल, किल्ले. मी ऐटीत सांगत होतो. त्यांचा अंगठा बायकोच्या बुटावर थांबला.

"दगडी रस्तं हाईत की तिकडं! आन् पावणं, तुमच्या बुटाची टाच झिजलीया, वैनींच्या बुटाचा चवडा. तुमी निवांत म्होरं, त्या मागनं पळत. व्हय की न्हाय?"

मी हसून विषय टाळला. घरी येऊन मित्रांनी काढलेले फोटो पाहिले. प्रत्येक पुलावर मी पुढं होतो आणि ती पिशवी सावरत चार पावलं मागं.

दुसऱ्या दिवशी बूट आणायला दोघं चालत गेलो. तिच्या बरोबरीनं राहायला मी पावलं आखडती घेत होतो. काकांनी लांबूनच आमच्या पायांकडं पाहिलं.

"आता नवा तळ टिकंल," ते म्हणाले.