माहेरचं आडनाव

न्यूझीलंडमध्ये, मनुरेवातल्या त्या भल्यामोठ्या दुकानात बिल्ल्यावर नुसतं पहिलं नाव असायचं. सरलाला वाटलं, सुटले बाई एकदाची! सलाडच्या काउंटरवर तिचा हात भराभर चालायचा. पुण्याची नीता तिची सुपरवायझर. दोघी एकमेकींच्या डब्यातली भाजी खायच्या. एक दिवस नीताने लाडात विचारलं, "सरला, माहेरचं आडनाव काय गं तुझं?"

"गजभिये," सरला म्हणाली. खोटं कशाला सांगायचं? तिने काय कुणाचं घोडं मारलं होतं?

दुसऱ्या दिवशी नीताचा डबा वेगळ्या टेबलावर गेला. आठवड्याभरात सरला काउंटरवरून पार्किंगमधल्या ट्रॉल्या ढकलायला आली. नीता दुसऱ्या एका मराठी बाईला सांगत होती ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, "खाण्यापिण्याला तिचा हात नको बाई." जात मेली विमानात बसून इथवर आली होती, तीही विनातिकीट.

सरलाने तक्रार केली. गोऱ्या साहेबांना जात म्हणजे काय ते समजावताना तिच्या नाकी नऊ आले. अखेर तडजोड झाली. भरपाई मिळाली, दिलगिरीही मिळाली, पण बंद खोलीत. सरलाने नोकरी सोडायची आणि घराबाहेर कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही, असं ठरलं. ती थकली होती. तिने सही केली.

"स्वीट अ‍ॅज, मम! मस्तच! वी वन, जिंकलो आपण!" तिचा मुलगा मैत्रेय म्हणाला.

विहारात बायका विचारायच्या, काय झालं गं केसचं? सरला चहाच्या कपात बघत बसायची. मग त्यांनी विचारणं सोडलं, हळूहळू बोलावणंही. जिंकूनही माणूस इतकं एकटं पडतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

परवा बसथांब्यावर एक मराठी पोरगी भेटली, इशिता. अंगात त्याच दुकानाचा कोरा शर्ट.

"काकू, मला फूड काउंटर मिळालाय! नीतामॅडम तर हीप्स केअरिंग आहेत, खूप जीव लावतात. काल डबापण शेअर केला आम्ही."

सरलाने सांगावं तर सही आडवी येत होती. पोरीला धोका आहे की नाही, एवढं तरी कळावं म्हणून तिच्या तोंडून निघून गेलं, "आडनाव काय गं तुझं?"

इशिताचं हसू विझलं. हा प्रश्न तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

"तुम्हीसुद्धा, काकू?"

"तसं नाही गं, मी..." सरला थांबली. पुढचं सगळं ती सही करून देऊन बसली होती.

बस आली. इशिता पार मागे जाऊन बसली. सरला पुढच्या सीटवर बसली, आणि स्टॉप येईपर्यंत तिची मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.