राख निवेपर्यंत

अक्का गेल्याची चिठ्ठी घेऊन शेजाऱ्यांचा गडी हुबळीच्या कोर्टात आला, तेव्हा मी एका साक्षीदाराची उलटतपासणी आटोपून नुकताच बाहेर पडलो होतो. चिठ्ठीत तीनच ओळी होत्या. सकाळी पूजा झाली, चूल पेटवायला बसल्या, बसल्या जागीच गेल्या. असं काही वाचून माणसाला रडू यावं, देव आठवावा. माझ्या तोंडून शब्द निघाला तो ‘केक’! बाजूचे वकील माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना काय सांगणार, कपाळ? धारवाडच्या गाडीत बसलो आणि बोटांवर दिवस मोजले. माझ्या वाढदिवसाला सतरा दिवस उरले होते. तेवढे सतरा दिवस ती जगली असती, तर मी जिंकलो असतो.

शारदाक्का माझी थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई माझ्या बाळंतपणात गेली, तेव्हा मला वाढवलं ते तिनंच. ‘तम्मा’ म्हणायची मला, कानडीत धाकटा भाऊ, डोक्याचे केस पांढरे झाले तरी. ती मुलींच्या शाळेत मास्तरीण होती आणि शाळा तपासायला येणाऱ्या एका मडमेनं तिला केक शिकवला होता. अंडं आमच्या घराचा उंबरा ओलांडणं शक्य नव्हतं, म्हणून अक्कानं आंबट दही आणि सोडा घालून आपली रीत बसवली. मोठ्या पातेल्यात चार बोटं वाळू, वाळूवर लोणी फासलेला उघडा डबा, खाली शेगडी, पातेल्याच्या झाकणावर निखारे. नियम एकच, वरची राख निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. मडमेच्या देशात वाढदिवसाला मेणबत्ती फुंकतात म्हणे. “अय्यो, आपल्या माणसाच्या नावाचा दिवा आपणच विझवायचा?” असं म्हणून अक्का निरांजन लावायची, तिथीला ओवाळायची, आणि केकला सुरी न लावता हातानं तोडून पहिला तुकडा त्या माणसाच्या तोंडात घालायची. सोनंनाणं तिच्याजवळ कुठलं असायला? तिचं देणं म्हणजे हा केक.

अप्पांच्या साठीचा केक मधोमध बसला. आमचे वडील थट्टेखोर. “विहीर खणलीस की काय ग?” म्हणाले, आणि आम्ही पोट धरून हसलो. अप्पांनी त्या वर्षीची दिवाळी पाहिली नाही... तीन वर्षांनी भावजींचा, म्हणजे अक्काच्या यजमानांचा केक तसाच बसला. वाटी ठेवावी एवढा खड्डा. भावजी विषमज्वरानं अकरा दिवसांत गेले. मी म्हणायचो, सोडा जुना असेल, वाळू ओली असेल. “असेल,” एवढंच ती म्हणायची.

मग ती माझ्याकडे राहायला आली. मी लग्न केलं नव्हतं, घरात आम्ही दोघंच. विधवेनं ओवाळू नये म्हणतात, पण मी हट्टानं तिच्याच हातून ओवाळून घेत असे. आता जिच्या हातचा केक खायचा, तिचं असं माणूस मी एकटाच उरलो होतो. हुबळीहून येताना दाजीबानपेठेतून मैदा, मनुका मीच आणायचो, आणि दर वर्षी झाकण काढताना तिचे मिटलेले डोळे बघून मला संताप यायचा. एकदा म्हटलं, “एवढी भीती वाटते तर करतेस कशाला?” तर म्हणाली, “मी नाही केला तर तुझं कोण करणार, तम्मा?”

गेल्या वर्षी मी ठरवलं, हा शकुनाचा खुळेपणा मुळासकट उपटायचा. लढाईमुळं साखर रेशनवर होती, अक्कानं दोन महिने बिनसाखरेचा चहा पिऊन माझ्या केकपुरती जमवली होती. केक शेगडीवर होता आणि ती तुळशीला पाणी घालायला परसात गेली. मी चिमटा घेऊन झाकण उचललं. डाव असा, केक मीच बसवायचा, वर्षभर ठणठणीत जगायचं आणि पुढच्या वाढदिवसाला तिला सांगायचं, बघ, काही झालं का मला? झाकण कलंडलं, दोन बोटं भाजली, चिमूटभर राख आत पडली. पिवळाधमक फुगलेला तो केक माझ्या डोळ्यांदेखत सुस्कारा सोडल्यासारखा खाली बसला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला.

राख निवल्यावर अक्कानं झाकण काढलं. मी रडारड होणार म्हणून तयारीत होतो. तिनं नुसतं वाकून बघितलं. पदराच्या टोकानं वरून काहीतरी झटकलं आणि म्हणाली, “हा माझा.”

“तुझा कसा? वाढदिवस माझा आहे!”

“माझी तिथी कुणी लिहून ठेवलीच नाही. आजचीच समज.”

आणि तिथंच पाटावर बसून तिनं तो अख्खा केक खाल्ला. मला शिवू दिलं नाही. कणन् कण वेचून खाल्ला... मग गूळ किसून दुसरा लावला. काळाकुट्ट झाला, पण टम्म फुगला. त्याचा पहिला तुकडा मला भरवला. मी काही बोलायला गेलो तर “साकु,” म्हणजे कानडीत पुरे, एवढं म्हणून तिनं ओवाळायला घेतलं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण जिंकायची खोड वाईट. म्हटलं, वर्ष सरू दे, मग हिची चांगली जिरवू. वर्षभर ती तोंड भरून हसत वावरली. “आहेस ना अजून?” मी चिडवायचो. “आहे की,” ती म्हणायची. सतरा दिवस राहिले होते.

दहाव्याच्या दिवशी हात धुताना माझ्या बोटांवरचा भाजल्याचा डाग दिसला आणि गेल्या वर्षीचा वाढदिवस आठवला. त्या संध्याकाळी अक्कानं या दोन बोटांना लोणी लावलं होतं. कशानं भाजलं, हे विचारलं नव्हतं. पदरानं तिनं झटकली ती राख होती. बंद पातेल्यात राख जाईल कशी? वीस वर्षं केक करणाऱ्या बाईला हे कळलं नसेल? तिला सगळं ठाऊक होतं. केक आपणहून बसलेला नाही, या शहाण्यानं बसवलाय, हेही ठाऊक होतं. तरी माझ्या नावाचा तो खड्डा तिला घरात नको होता, म्हणून ती दाताखाली राख चावत तो संपवून बसली. जन्मभर साक्षीदार तपासले मी, आणि घरातल्या या साक्षीदाराला एक प्रश्न विचारला नाही. अक्का, चुकलो ग मी.

आज माझी तिथी. सुतक फिटलं आहे. दुपारपासून घरात वेलदोड्याचा वास येतोय. आधी वाटलं, शेजारी काही शिजत असेल. शेजारी जाऊन बघितलं, त्यांच्याकडे आज शनिवारचा उपास, चूलच नाही. स्वयंपाकघरात आलो. अक्का गेल्यापासून शेगडी पेटलेली नाही, मी खानावळीत जेवतो. पातेलं तिनं ठेवलं तसंच कोपऱ्यात आहे, आत वाळू असणार. झाकणावर हात ठेवला. गरम लागलं. त्या कोपऱ्यात ऊन येत नाही. मी पुरावा मागणारा माणूस, तीनदा हात ठेवून बघितला.

चिमटा हातात घेतला होता. परत ठेवून दिला. पाट ओढून पातेल्याजवळ बसलोय, हे लिहितोय तेही इथंच. या खेपेला थांबेन म्हणतो, अक्का. राख निवू दे.