लाल वाइन आणि सुमन मावशींची कारळ्याची चटणी

अन्याय द्राक्षं तोडायला जाणाऱ्या सुमन मावशींवर झाला. माघातल्या पहिल्या रविवारी, द्राक्षतोडणीच्या जेवणाच्या सुट्टीत. किकवीजवळच्या एका वाइनच्या बागेत तिथल्या उपाहारगृहाच्या शेफने त्यांच्या डब्यातली कारळ्याची चटणी बोटाने चाखली आणि त्याच संध्याकाळी लाल वाइनसोबत पाहुण्यांपुढे मांडली. मेनूकार्डावर छापलं, ‘आमच्या शेफचा शोध’. ताट मला लावू द्या, असं मावशी म्हणाल्या. उत्तर आलं, “तुम्ही तोडणीचं बघा.”

हे कानावर आलं आणि पुढच्या शनिवारी मी स्वारगेटहून एसटीत बसले ती रागातच. पण नसरापूर फाटा मागे पडला आणि धुकं लागलं. डोंगर पाण्यात विरघळावेत तसे निळे, पुसट. राग कुठे ठेवला होता तेच आठवेना.

बागेत तो आठवला. मागवलेल्या ताटात चटणी तिळाची होती, वर साखर. वाइनने जीभ कोरडी पडली. चटणी नुसती गोड लागून गेली.

“यात कारळे नाहीत?” मी शेफला विचारलं.

“पाहुण्यांना कडू लागतात.”

“मग शोध कसला लावलात?”

त्याला फोन आला. निदान त्याने तो कानाला लावला.

मी एक बाटली विकत घेतली, नसरापूरला परतले आणि मावशींच्या गावी जायला वेल्ह्याकडच्या जीपमध्ये शिरले. शेजारचे आजोबा म्हणाले, “पोरी, बाटली नीट धर. खाली माजी कोंबडी हाय. पिऊन गावभर वरडंल.”

मावशींनी अंगणात घोंगडी टाकली. आधी बागेतून आणलेला टाकाऊ घड हातात दिला. मणी बारके, काळे, जाड सालीचे. “साल आन बी चावून खा. थुकू नगं.”

आधी गोड. मग कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखे हिरड्या, गाल, सगळं आत ओढलं गेलं. लगेच नाचणीच्या भाकरीवर कारळ्याची (डोंगरउतारावर होणारी काळी, तेलकट बी) चटणी. तेल पसरलं, ओढलेलं तोंड हळूहळू सैल झालं. कडूला कडू भेटलं आणि दोन्हींच्या मागून करवंदाचा वास आला. वाइनच्या घोटावरही तेच. उन्हात डोंगर, अंगण, माझी जीभ एकाच जांभळ्या रंगाची झाली होती. किती वेळ बसले कोण जाणे.

“मावशी, हे सुचलं कसं?”

“सुचायचं काय त्यात? घड खाऊन त्वांड वढतं. मंग डब्यातलं लावून बगायचं. लसनाच्या चटनीनं घशात भांडान लावलं. कारळ्यानं मिटवलं.”

“आणि वाइन?”

“जिबंला लावली घोटभर. आमच्या ह्यांना सांगू नगं.”

“कार्डावर नाव आलं तर पुरे?”

त्या भाकरी मोडता मोडता थांबल्या. “नाव लिवावं, पन मला त्या मेजापाशी हुबं ऱ्हायचंय. लोकं चुकीचं खात्यात. बगवत न्हाई.”

उतरत्या उन्हात जीप खाली आली. पुण्याची एसटी धरली तरी तोंडात ती चव होती, आणि आता तिच्यासोबत रागही शांतपणे बसला होता. शोध डब्यातून निघाला की त्याला ‘गावरान’ म्हणतात, ताटात गेला की ‘शेफचा’. हा चोरीचा माल आपण मिटक्या मारत खातो.

म्हणून तुम्ही, हे वाचणारे, त्या बागेत जाल तेव्हा ग्लास उचलू नका. “सुमन मावशींना बोलवा,” असं मोठ्याने सांगा. त्या येऊन स्वतःच्या हाताने ताट लावेपर्यंत एक घोटही घेऊ नका.