पाचवी स्थिती

"हा कोण? आणि ह्याला आत कुणी घेतलं?" पेनाचं टोपण माझ्या स्क्रीनवर टेकवून सर विचारायचे. टोपणाखाली 'रक्तगट' असायचा, आणि तो मी साधा मजकूर म्हणून, म्हणजे कुणीही काहीही लिहावं असा, ठेवलेला असायचा.

आमचं छोटं ऑफिस डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतं. माहिती कशी साठवायची हे सर ठरवत. डेटाबेसला आकडा, तारीख, मजकूर असे मोजकेच प्रकार आयते कळतात. सर स्वतःचे प्रकार घडवायचे. त्यांच्या 'रक्तगटा'त आठच नावं बसत, नववं दारातूनच परत. रक्तदाबाचे दोन आकडे त्यांनी एकाच प्रकारात बांधले होते. "अहो, वेगळे राहायला ते काय भांडलेत?"

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याच्या शिस्तीचा राग येतो आणि तो रजेवर असला की काम सुचत नाही.

पण 'रुग्णाची स्थिती' या प्रकारात त्यांनी चारच नावं ठेवली होती: नियमित, सुट्टीवर, दुसऱ्या केंद्रात, किडनी मिळाली.

"सर, मृत्यू राहिला."

"घालताना विचार करा. इथे एकदा घातलेलं नाव परत काढता येत नाही."

विषय संपला. गेलेल्या रुग्णांना केंद्रांच्या रिसेप्शनवरच्या ताई 'दुसऱ्या केंद्रात' टाकू लागल्या. सरांनी चालवून घेतलेली ही एकच खोटी नोंद, आणि मला तिचा फार राग होता.

मग एकदा मी कामासाठी विश्रांतवाडीच्या केंद्रात गेले. तिसऱ्या खाटेवर सर होते. एका हाताला नळ्या, दुसरा हात लॅपटॉपवर. आठवड्यातून तीनदा ते ऑफिसात दुपारी उगवायचे, आणि आम्ही त्यावरून टिंगल करायचो.

"ऑफिसात बोलू नका," ते म्हणाले. "आणि यादी आहे तशी राहू द्या. मला चौथ्या नावावर जायचंय."

मी कुणाला बोलले नाही. दोन वर्षं ते 'नियमित'च राहिले.

गेल्या महिन्यात सर गेले. दोन दिवसांनी केंद्रातल्या ताईंचा फोन आला. "मॅडम, सरांना काय टाकू? दुसऱ्या केंद्रात?"

"नको," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना. त्यांच्या नावापुढे खोटं मला बघवलं नसतं.

पाचवं नाव घालायला कोडची एक ओळ पुरते. ती लिहिली, आणि सवयीने शेजारच्या खुर्चीकडे वळले. "सर, एकदा बघता का?"

टोपण स्क्रीनवर आलं नाही. मी ओळ चालवली. आता ते नाव काढता येणार नाही.