बाहीवरचा कापूस

शेषराव गावंडे यांना चार माणसांत बोलता येत नसे. पंगतीत वरणवाला पुढे निघून गेला तर ते त्याला हाक मारायचे नाहीत, कोरडा भात खाऊन उठायचे. बत्तीस वर्षं त्यांनी बार्शीटाकळीच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली, रोज कितीतरी गाड्यांवर चढले आणि उतरले, पण शेतकऱ्यांशी त्यांचं बोलणं ठरलेलं. "हात घालू द्या भाऊ." "वाळला आहे." "कवडी लय आहे याच्यात," म्हणजे किडका, पिवळा कापूस. बाकीचं काम बोटं आणि दात करायचे. गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून त्याची लांबी पाहायची आणि सरकी दाताखाली धरायची. टचकन फुटली तर माल वाळलेला, चेपली तर ओला.

असा माणूस बहात्तराव्या वर्षी ब्लॉग काढेल असं कुणी सांगितलं असतं तर पहिले तेच हसले असते. झालं असं की त्यांची पुतणी वर्षाली एका रविवारी त्यांच्या कपाटात घराचा नकाशा शोधत होती आणि तिला एक दोनशे पानी वही सापडली. वर्षाली काकांच्याच गावी, अकोल्यात, शाळेत शिकवायची, वयाने पंचेचाळिशीची, आणि काकू गेल्यापासून दर रविवारी काकांकडे चक्कर टाकायची. ती वही घेऊन पलंगावर बसली ती उठेना.

"काकाजी, हे तुमी लिहिलं?"

"ठेव ते. कुठीचं काय काढून राहिली?"

"दाताचा किस्सा वाचला मी. पोट दुखलं हसून. हे कपाटात काहून ठेवलं?"

"मंग कुठी ठेवू, चौकात?"

चौकात नाही, पण ब्लॉगवर ठेवायचं असं वर्षालीने ठरवून टाकलं. पुढच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊनच आली. ब्लॉगचं नाव विचारलं तेव्हा शेषरावांनी फार वेळ न लावता "सरकी" सांगितलं. लिहिणाऱ्याच्या नावापाशी मात्र ते अडले.

"नाव नको."

"काकाजी, नाव त लागते."

"निनावी लिही. लोकायले आवडलं नाही त उगाच आपलं नाव कोणाच्या तोंडी कशाले?"

वर्षालीने 'एक वऱ्हाडी' असं लिहिलं. मग वहीतला दाताचा किस्सा तिने भराभर टाइप केला. शेषराव मागे उभे राहून प्रत्येक ओळ वाचत होते आणि मधेच म्हणत होते, "हे जमलं नाही, काढून टाक." तिने काहीच काढलं नाही. बटण दाबताना तिने त्यांचं बोट धरून त्या बटणावर नेलं. शेषरावांनी डोळे मिटून घेतले.

किस्सा असा होता. एका मोसमात कान्हेरीच्या एका शेतकऱ्याच्या गाडीतली सरकी चावताना शेषरावांची दाढ खड्यावर पडली आणि तुटून कापसातच गेली. शेतकरी बिचारा घाबरला. घरची बाई, दोन गडी, सगळे गाडी उपसून दाढ शोधायला लागले. मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी शेतकरी हात जोडून म्हणाला, "साहेब, दाढ काही सापडत नाही. आता ते धरून ग्रेड लावता का सोडून?"

संध्याकाळपर्यंत सात वेळा तो किस्सा उघडला गेला होता. वर्षाली म्हणाली, त्यातल्या तीन वेळा मीच. उरलेले चार कोण असतील, याचा शेषराव दोन दिवस विचार करत होते.

ही गोष्ट त्यांनी अर्थातच खुशालरावांना सांगितली. खुशालराव भुयार म्हणजे त्यांचा एकुलता एक मित्र. केंद्रावर काट्यापाशी बसून वजन लिहायचे. तोंडाचा दांडगा माणूस, हमालापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांच्या खांद्यावर हात. दुपारी लिंबाखाली दोघांचे डबे एकत्र उघडायचे आणि शेषराव जगात फक्त तिथे बोलायचे. घरात काय झालं, गाडीवर काय झालं, सगळं. निवृत्तीनंतर खुशालराव अमरावतीला राहायला गेले, पण रोज संध्याकाळी सहाला त्यांचा फोन यायचा. "काय भाऊ, काय नवीन?" मग शेषराव दिवसभराचं सांगत बसायचे. नवीन काही नसलं तर जुनं सांगायचे.

ब्लॉगचं ऐकल्यावर मात्र खुशालराव भलतंच, पाण्यापावसाचं बोलायला लागले.

"ऐकू येऊन राहिलं ना?" शेषरावांनी विचारलं.

"हो हो. पण कशाले त्या भानगडीत पडतं बाप्पा? आजकालचे लोक चांगले नाहीत. हसतीन. तुले सहन होईन का?"

शेषरावांना ते पटलं. हसतीलच, असं त्यांनाही वाटत होतं. दोन आठवडे त्यांनी ब्लॉगचं नाव काढलं नाही. तिसऱ्या रविवारी वर्षालीने वहीतून स्वतःच एक पान काढलं, काकूंच्या, म्हणजे रुखमाबाईंच्या वातींचं. शेषराव आधी नको म्हणाले, मग गप्प बसले. त्यांचा होकार असाच असायचा.

मोसमात शेषराव केंद्रावरून घरी आले की अंगभर कापूस असायचा. भुवयांत, कानामागे, शर्टाच्या बाह्यांवर. रुखमाबाई त्यांना ओट्यावरच थांबवायच्या आणि एकेक तंतू वेचून घ्यायच्या. ते झटकून टाकायच्या नाहीत, एका पितळी डब्यात ठेवायच्या. डबा भरला की त्याच्या फुलवाती वळून त्याच डब्यात ठेवायच्या. शेषरावांच्या घरी देवापुढची वात कधी विकत आली नाही. बाई नऊ वर्षांपूर्वी गेल्या तेव्हा डबा अर्धा भरलेला होता. त्यांच्या तेरवीला, सगळे जेवून गेल्यावर, शेषरावांनी हे खुशालरावांना सांगितलं होतं. एकदाच.

ब्लॉगवर हे पान गेलं आणि दोन दिवसांनी त्याखाली पहिली प्रतिक्रिया आली. वर्षालीने फोनवर सांगितलं, "काकाजी, कोणीतरी लिहिलं आहे. तुमी स्वतःच वाचा." तिचा आवाज जरा पडलेला होता, पण आनंदाच्या भरात शेषरावांच्या ते लक्षात आलं नाही. चष्मा पुसून त्यांनी मोबाइल उघडला.

"दाताचा किस्सा वाचला तेव्हा वाटलं, योगायोग असेल. आता वाती वाचून राहवलं नाही. हे दोन्ही किस्से आमच्या कॉलनीतले खुशालराव भुयार काका किती वर्षांपासून सांगतात. मागच्या वर्षी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. त्या कार्यक्रमात त्यांनी काकूंच्या वातींची आठवण सांगितली तेव्हा सगळा हॉल रडला. दुसऱ्याचं आयुष्य आपलं म्हणून लिहिणं शोभत नाही. निदान काकांचं नाव तरी द्या. — जीवन वानखडे, अमरावती."

शेषरावांनी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. पहिल्यांदा त्यांच्या मनात काय आलं असेल तर हे, की आपलंच काही चुकलं का? खुशालची आठवण आपण चुकून आपली समजलो का? या विचाराने ते उठले, देव्हाऱ्याखालचा पितळी डबा काढला, झाकण उघडलं. वाती होत्या. पिवळ्या पडलेल्या, पण होत्या.

मग त्यांना तो हॉल आठवला. म्हणजे हॉल नाही, फोन. मागच्या वर्षी खुशालराव म्हणाले होते, "कार्यक्रम असा काही नाही बाप्पा, घरच्या घरी आहे, तू कशाले हाडं मोडत येतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते अमरावतीला निघाले. एवढ्या वर्षांत न कळवता ते कुणाच्या दारात गेले नव्हते. मूर्तिजापूरपर्यंत ते मनात वाक्यं जुळवत होते. बडनेऱ्याला पोचेस्तोवर सगळी विसरले.

दार खुशालरावांनीच उघडलं. "अरे! शेषराव! फोन बी नाही केला? ये, ये. पार्वता, पाह्य कोण आला! चा मांड वो!"

शेषराव सोफ्याच्या कडेवर बसले. मोबाइल काढून त्यांनी ती प्रतिक्रिया पुढे धरली. खुशालरावांनी ती हात लांब करून वाचली, हसले, मोबाइल परत दिला.

"हा जीवन लय भोळा आहे. मनावर नको घेऊ."

"खुशाल, तू हे सांगत होता?"

"सांगत होतो. मंग?"

"तुह्यं म्हणून?"

"अरे, किस्सा म्हटला का असं होते. 'माह्या एका मित्राचं झालं' म्हटलं का लोक जांभया देतेत. 'माह्यं झालं' म्हटलं का कान टवकारतेत. अन् तू कधी सांगणार होता? तुह्यी त पंगतीत वरण मांगाची हिंमत नाही. म्या सांगतलं म्हणून ते जिवंत राहिलं. उलट माह्ये उपकार मान."

"दाताचं ठीक आहे," शेषराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की खुशालरावांना वाकून ऐकावं लागलं. "पण रुखमाचं? ते तेरवीले सांगतलं होतं रे तुले."

खुशालराव काही बोलणार, तेवढ्यात पार्वताबाई चहा घेऊन बाहेर आल्या. कप ठेवून त्या आत गेल्या नाहीत. पदर खोचून तिथेच उभ्या राहिल्या.

"दाताचं तरी काय ठीक आहे, भाऊजी? त्यायच्या तोंडात पाहा. त्र्याहत्तर वर्षाचे झाले, बत्तीसच्या बत्तीस आहेत. ऊस सोलतेत दातानं. आजपर्यंत एकानं नाही विचारलं का कोणता दात तुटला म्हणून."

"तू आत जाय वो."

"जातो. पण वातीचं सांगून जातो. भाऊजी, म्या उभ्या जन्मात एक वात नाही वळली. आमच्या घरी बजारातला पुडा येते. अन् हॉलमधल्या बाया माह्ये हात हातात घेऊन म्हणे, 'बाई, किती जीव लावला तुमी नवऱ्याले!' काय सांगू त्यायले? गप बसली. मले वाटलं होतं, कोण्या नाटकातलं उचललं असंन. रुखमावैनीचं असंन हे नाही वाटलं."

खुशालराव पहिल्यांदा खाली पाहायला लागले. चहावर साय धरली.

"एक काम कर," शेषराव म्हणाले. "जास्त नाही मांगत. त्या जीवनच्या खाली दोन ओळी लिही. का हे शेषरावचं आहे. बस."

"आता कसं लिहू? सगळी कॉलनी वाचंन. तोंड दाखवाले जागा राहाची नाही."

शेषरावांच्या गप्प बसण्याची खुशालरावांना सवय होती, पण या वेळी ते गप्प बसून त्यांच्याकडे बघत होते. ते खुशालरावांना सोसेना. "बरं, लिहितो. आज लिहितो. पार्वताची आण."

"माह्यी नका घेऊ," पार्वताबाई म्हणाल्या.

फाटकापर्यंत त्या पोचवायला आल्या. "भाऊजी, मले लिहाले लावू नका हं," त्या हळूच म्हणाल्या. "मले या घरात राहाचं आहे."

खुशालरावांनी आण पाळली. शेषराव अकोल्याला उतरले तेव्हा दोन ओळी आलेल्या होत्या.

"जीवन, असं रागावून लिहू नये. लिहिणारा माझा जुना सोबती आहे. आमच्यात माझं-तुझं कधी नव्हतंच. त्याला लिहू दे, माझी काही हरकत नाही."

आणि त्याखाली लगेच जीवनचं उत्तर. "काका, तुमचं मन फार मोठं आहे."

शेषराव स्टँडवरच्या बाकावर बसले. कुणी घशात हात घालून आतलं काढून घ्यावं आणि वर तुम्हालाच ते परत दान करावं, असं त्यांना झालं. चाळीस वर्षं हा माणूस रोज विचारत होता, काय नवीन. ते त्याला जिव्हाळा समजले होते. आपण रोज त्याच्या गाडीत माल भरत होतो, हे त्यांना त्या बाकावर कळलं. मालाच्या तळाशी हात घालून बघायचा ज्यांचा धंदा, त्यांनी या एका गाडीत कधी हात घातला नव्हता.

रविवारी वर्षाली आली ती तणतणतच. "काकाजी, मी उत्तर लिहितो खाली. सगळं बाहेर काढतो."

"नको."

"मंग त्या दोघायच्या कमेंट तरी काढून टाकू?"

"राहू दे. हॉल रडला आहे त्या लोकायचा. त्यायचं रडणं काही खोटं नव्हतं." त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. "ते नाव कुठी टाकाचं असते?"

"कोणतं नाव?"

"माह्यं."

वर्षालीने जागा दाखवली. 'एक वऱ्हाडी' त्यांनी स्वतः खोडलं. एकेक अक्षर शोधत, दोनदा चुकत, त्यांनी लिहिलं: शेषराव गावंडे, ग्रेडर. वर्षालीने फोटो विचारला तेव्हा मात्र ते दोन्ही हात हलवून नको म्हणाले.

"आता वहीतलं कोणतं पान घेऊ?" तिने विचारलं.

"वहीतलं नाही. हे वहीत बी नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तू चा कर. मी लिहितो."

ते त्यांनी खुशालरावांनाही कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटायची म्हणून. नोकरीची शेवटची चार वर्षं डोळ्यांमुळे त्यांना आत टेबलावर बसवलं होतं. गाडीवर चढणं नाही, मालात हात घालणं नाही. अंगावर कापूस येईना. पहिल्या दिवशी ते स्वच्छ शर्टाने घरी आले तेव्हा रुखमाबाई ओट्यावर हात पुढे करून उभ्या होत्या, आणि वेचायला काहीच नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून निघताना शेषराव कापसाच्या गंजीमागे जायचे, कुणी बघत नाही ना हे बघायचे, आणि मूठभर कापूस घेऊन दोन्ही बाह्यांवर चोळायचे.

चार वर्षं. बाईंना ते कळलं होतं की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. तेही लिहायचं होतं.

दुपार टळून संध्याकाळ झाली तेव्हा नऊ ओळी झाल्या होत्या. सहाला फोन वाजला. वर्षालीने पडद्यावरचं नाव पाहिलं आणि काकांकडे पाहिलं. शेषरावांनी तो वाजू दिला, मग उचलला.

"काय भाऊ," खुशालराव नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले, "काय नवीन?"

शेषरावांनी समोरची नववी ओळ वाचली.

"काही नाही," ते म्हणाले.